उलट्या हाताची जीप

रेवणसिद्धला त्याच्या अप्पानं बैलं विकायला लोह्याच्या बाजारात पाठवलं आणि तो जीप घेऊन घरी आला. सांगवीत कुणी त्याची गोष्ट सांगायला बसलं की इथूनच सुरू करतं आणि ऐकणारा हसतो, कारण हसण्यासारखंच आहे ते. पण त्या दिवशी हसायला गावात कुणाकडं जीव नव्हता. साल बाहत्तरचं. विहिरींचे तळ दिसायला लागलेले, निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला, पोरं सुकडीच्या रांगेत, आणि कडबा म्हणजे बघायला पण मिळत नव्हता. शिवप्पानं, म्हणजे रेवणच्या अप्पानं, शेवटी शेवटी घराच्या छपरातलं गवत काढून बैलांना घातलं होतं. ते पण संपलं तेव्हा तो पोराला म्हणाला, "लोह्याला ने. खाटकाला देऊ नकोस. जे येईल ते ठेवून दे, पाऊस झाल्यावर नवी जोडी बघू." एवढंच बोलला आणि पाठ फिरवून बसला. बैलं अंगणातून बाहेर पडेपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

रेवण तेव्हा बावीस-तेवीसचा, नवीन लग्न झालेला. बाजारात बैलं गेली, एका परभणीकडच्या शेतकऱ्यानं नेली, पैसे खिशात आले आणि रेवणच्या हातात नुसतं दावं राहिलं. त्याला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. फक्त घरी जावंसं वाटेना. मग समोर नांदेडची एसटी उभी होती त्यात बसला. नांदेडला काम काय, तर काहीच नाही. नुसता हिंडला. हिंडता हिंडता एका सरकारी कचेरीच्या मागं गर्दी दिसली, मोडक्या गाड्यांचा लिलाव चाललेला. तिथं कोपऱ्यात ती होती. लढाईतली अमेरिकन जीप, कधीची कुणास ठाऊक, टप नाही, टायर बसलेले, स्टेअरिंग डाव्या बाजूला, आणि तळाच्या पत्र्यातून एक बाभळ उगवून वर आलेली.

रेवणनं हात वर केला. का केला हे त्याला नंतर आयुष्यभर विचारलं लोकांनी, बायकोनं विचारलं, पोरांनी विचारलं, त्याला सांगता आलं नाही. दुसरं कुणी बोली लावली नाही. बैलांचे आलेले पैसे त्यानं तिथं मोजून दिले.

शेजारी एक ठेंगणा माणूस उभा होता, हाताला काळं ऑइल, दाढी लाल. तो मोठ्यानं हसला. "भाई, ये गाडी नहीं लिये तुम. तुम झाड लिये. झाड के साथ लोखंड फुकट मिलरा तुमको."

हा जिलानी मिस्त्री. देगलूर नाक्याजवळ त्याचं गॅरेज होतं. हसून झाल्यावर त्यानंच कुऱ्हाड आणून बाभळ तोडली आणि चाकात हवा भरून दिली. इंजिन सुरू व्हायचा प्रश्नच नव्हता. मग रेवणनं भाड्यानं एक बैलजोडी ठरवली, जीपच्या पुढं जुंपली, आणि लोह्यावरून, माळाकोळीवरून, अहमदपूरवरून ती जीप ओढत सांगवीला आणली. तो स्वतः स्टेअरिंग धरून आत बसलेला. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया हातातले हातोडे थांबवून बघायच्या.

शिवप्पा अंगणात उभा होता. त्यानं आधी बैलं बघितली, मग जीप बघितली, मग परत बैलं बघितली.

"ही कुणाची?"

"भाड्याची."

"आन् हे?"

"आपलं."

शिवप्पा बोलणारा माणूस नव्हता. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, आणि तोंडातून गेलेला शब्द म्हणजे शब्द. तो पुढं झाला, भाड्याच्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला, आणि म्हणाला, "ह्या लोखंडात मी बसणार न्हाई. मेलो तरी न्हाई."

शेजारची साखराबाई कुडावरून बघत होती. ती म्हणाली, "शिवप्पा, तुला बस म्हणलंय कोण? ते चालतं का बघ आधी." पण तिला पण कुणी हसून दाद दिली नाही.

रिकाम्या गोठ्यात जीप उभी राहिली. तिला चालती करायला दोन वर्षं गेली. जिलानी सवड मिळेल तसा नांदेडहून यायचा, आला की दोन दिवस राहायचा, रेवणच्या बायकोनं, पार्वतम्मानं केलेली भाकरी आणि येसराची आमटी खाऊन म्हणायचा, "भाभी, गोश्त नहीं तो नहीं, लेकिन ऐसा येसर हमारे घर में कोई नहीं बनाता." पार्वतम्मा आतूनच म्हणायची, "मग घरच्यांला पाठवा शिकायला." हैद्राबादच्या भंगार बाजारातून कार्बोरेटर आला, गिअरबॉक्स आला तो दुसऱ्याच गाडीचा निघाला, परत गेला, दुसरा आला. रेवणनं रोज संध्याकाळी शेतातून आल्यावर एकेक नट रॉकेलमध्ये बुडवून घासला. काय वाटायचं त्याला ते घासताना? काहीच वाटायचं नाही, म्हणून तर बरं वाटायचं. अप्पा समोरून जायचा. गोठ्याकडं बघायचा नाही. पोराशी बोलायचा, म्हणजे पाणी आलं का, खत टाकलं का, एवढं. बैलांचं नाव नाही आणि जीपचं तर नाहीच.

हँडल मारून मारून एक दिवस ती सुरू झाली. सगळ्या गल्लीत निळा धूर.

आणि मग ती जीप खरंच कामाची निघाली. काळ्या रानातला चिखल म्हणजे काय ते इकडच्याच माणसाला कळतं, पायातली चप्पल गिळतो तो. एसटी बंद, ट्रॅक्टर बंद, अशा पावसाळ्यात रेवणची जीप चारही चाकं फिरवत, कण्हत कण्हत निघायची. बाळंतिणी नेल्या, साप चावलेले नेले, एकदा नवरदेव नेला आणि वऱ्हाड मागनं गुडघाभर चिखलात चालत आलं. मांजरेच्या पात्रातून नेली, उदगीरच्या माळावरून नेली, देगलूरच्या पलीकडं तेलंगणात पण जाऊन आला, तिथं एका म्हाताऱ्यानं जीपला हात लावून तेलुगूत काहीतरी विचारलं आणि रेवण नुसता हसला. स्टेअरिंग डावीकडं असल्यामुळं शेजारी बसणारा उजवीकडं, जिथं आपल्याकडं ड्रायव्हर बसतो तिथं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं हाच गाडी चालवायलाय. पोरं मुद्दाम तिथं बसून दोन्ही हात वर करायची. म्हणून तिचं नाव पडलं, उलट्या हाताची जीप.

त्या उजवीकडच्या सीटवर सगळं गाव बसून झालं. शिवप्पा सोडून.

कार्तिकात शिवप्पा कपिलधारला पायी जायचा, दिंडीत. वय झाल्यावर पाय सुजायचे. रेवण मग जीप घेऊन मागं मागं जायचा, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं. पुढं अप्पाची पाठ, मागं जीप. गाव आलं, मुक्काम झाला, दुसऱ्या दिवशी परत तसंच. एकदा पण "थकलाव का" असं रेवणनं विचारलं नाही आणि एकदा पण अप्पानं मागं वळून बघितलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं, हा विचार रेवणच्या डोक्यात नंतर नंतर यायचा, पण तो पण असाच, माशी येऊन बसावी तसा.

मग मलप्पा काका गेला. शिवप्पाचा धाकटा भाऊ, सोलापूरला गिरणीत होता. तिकडं मेला आणि त्याला ट्रकमध्ये आडवा टाकून आणला. आता लिंगायतात माणूस गेला की त्याला बसवतात. जीव गेल्या गेल्या, अंग गार पडायच्या आत, मांडी घालून, पाठ सरळ करून भिंतीला टेकवतात, आणि तसाच बसलेला मिरवत नेऊन बसलेलाच मातीत ठेवतात, हातात त्याचं लिंग देऊन. मलप्पा घरी पोचला तेव्हा लाकूड झालेला. काही केल्या बसेना. शेवटी लांबडा खड्डा केला आणि आडवाच पुरला. शिवप्पानं त्या दिवशी जेवण केलं नाही. चार दिवसांनी रेवण विहिरीवर होता तिथं आपणहून आला आणि म्हणाला, "माझं तसं करू नको. मी कुठं पण मरू दे, मला बसवून आण. तुझ्या अव्वाच्या शेजारी बसव."

"हाव अप्पा," रेवण म्हणाला. त्याची अव्वा, म्हणजे आई, आधीच शेतातल्या मातीत बसलेली होती.

गेल्या कित्येक वर्षांत अप्पानं त्याच्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट.

साल ब्याऐंशी. त्या साली पण पावसानं तोंड दाखवून पाठ फिरवली होती, उडीद-मूग रानातच वाळायला लागलेले, आणि तरी सगळीकडं एकच चर्चा, लातूर जिल्हा होणार. उस्मानाबादला खेटे घालायचं संपलं. चहाच्या टपरीवर, पारावर, एसटीत, दुसरा विषय नाही. शिवप्पा तेव्हा नांदेडला दवाखान्यात होता. छातीत पाणी झालेलं. गेला होता एसटीनं, उभ्यानं, रेवण जीप घेऊन मागं. आणि ज्या दिवशी जिल्हा झाला त्याच दिवशी सकाळी तो गेला. रेवण उशाला होता. अप्पानं पाणी मागितलं, रेवण तांब्या घेऊन आला, तोवर संपलेलं.

तांब्या हातातच होता. कुठं ठेवावा हे त्याला समजेना.

जिलानी धावत आला. कागद झाले. मग गाडी बघायला दोघं बाहेर पडले आणि गाडीच नाही. जीप, टॅक्सी, टेम्पो, जे काही चाकावर होतं ते लातूरच्या सोहळ्याला गेलेलं. दवाखान्याची एक गाडी होती, तिच्यात आडवंच झोपवून न्यावं लागत होतं. आणि एसटीत प्रेत घेत नाहीत.

दवाखान्याच्या दारात, निंबाखाली, उलट्या हाताची जीप उभी होती.

जिलानी जीपकडं बघेना. रेवण पण बघेना. शेवटी जिलानीच म्हणाला, "रेवन भाई. वो बोले थे ना? मर गए तो बी नको?"

"हाव."

"फिर?"

रेवणनं जीपच्या रिकाम्या सीटकडं बघितलं. मग म्हणाला, "बसवून आण म्हणले तेबी तेच. जीपमधी बसणार न्हाई म्हणले तेबी तेच. एक मोडल्याशिवाय दुसरा पाळता येत न्हाई."

"तो कौनसा मोडना?"

"आडवा न्हेला तर मलप्पा काकासारखं व्हईल."

"बस. फिर टाइम नको घालवू. अकड जाएंगे."

दोघांनी धुतलं, धोतर नेसवलं, अंगभर भस्म लावलं. जबडा पांढऱ्या फडक्यानं बांधला, वरून पटका घातला म्हणजे फडकं दिसेना. रेवणनं अप्पाला उचललं. हलका होता, कडब्याच्या पेंढीसारखा. उजवीकडच्या सीटवर ठेवला आणि त्या क्षणी रेवण थांबला. त्याला वाटलं आता काहीतरी होईल. आपल्याला काहीतरी होईल. वीज पडेल, हात थरथरेल, निदान डोळ्यात पाणी तरी. काही झालं नाही. निंबावर कावळा ओरडत होता. सीटचा पत्रा उन्हानं तापलेला म्हणून त्यानं खाली घोंगडं सरकवलं, बस्स.

पाठ सरळ राहावी म्हणून छातीवरून एक पंचा घेऊन सीटला बांधला आणि तो झाकायला झेंडूचे हार घातले. जिलानी मागं बसला, दोन्ही हातांनी खांदे धरून. पाठ सरळ आहे ना, मान सरळ आहे ना, दोघांचं सगळं लक्ष तिथंच. सांगवीला निरोप पहिल्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिला. आणि रेवणनं हँडल मारलं.

लोह्यापर्यंत कुणी विचारलं नाही. लोह्याच्या पुढं एक सायकलवाला बाजूनं जाताना ओरडला, "ओ अप्पा! हात सोडून चालवायलाव की!" जिलानी मागनं हसला आणि लगेच तोंड दाबून रडला. रेवण रस्ता बघत होता. खड्डा आला की हळू, चढ आला की गिअर. डोक्यात दुसरं काही नाही. शेजारी अप्पा बसलाय, पहिल्यांदा, वाऱ्यानं पटक्याचा शेमला उडतोय, हे त्याला कळत होतं. पण दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं असावं तसं कळत होतं.

अहमदपुरात शिरले आणि अडकले. सगळा रस्ता भरलेला. हलग्या, ताशे, पताका लावलेल्या बैलगाड्या, हवेत गुलाल. "लातूर जिल्ह्याचा! विजय असो!" लोकांनी बघितलं, उघडी जीप, त्यात भस्म लावलेला, पटका घातलेला, हारात बुडालेला एक म्हातारा ताठ बसलाय. मग काय विचारता.

"कोन हायती रे हे?"

"रझाकाराच्या वक्ताला लढलेले असतील! बग की कसे बसलेत!"

"अरे वाट द्या, म्हाताऱ्याची जीप म्होरं घ्या!"

बघता बघता जीप मिरवणुकीच्या तोंडाला. रेवणनं तोंड उघडलं. सांगायचं होतं, हे मेलेत, माझे अप्पा आहेत. पण हलग्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नसतं. कुणीतरी गुलाल उधळला, अप्पाचं पांढरं तोंड गुलाबी झालं. एका बाईनं ओवाळलं. एकजण पेढा घेऊन थेट तोंडाजवळ आला, "घ्या अप्पा, तोंड गोड करा!"

मागनं जिलानीनं हात आडवा घातला. "नको नको! शुगर है उनको. डाक्टर मना किया."

"अरं एका पेढ्यानं काय मरतंय माणूस?"

"नको बोला ना भाई!"

पहिला गिअर, माणसाच्या चालीनं. ऊन डोक्यावर. इंजिन तापलेलं. रेवणच्या एवढंच ध्यानात येत होतं की वेळ जायलाय, आणि अंग आखडायलंय. जिलानी सारखा कानाशी, "रेवन भाई, खांदा घट्ट होरा. जल्दी निकलो." निकलो कुठून, पुढं माणसं नाचत होती.

तिथला एक तरणा गडी, भुजंग नावाचा, गळ्यात टॉवेल, हातात गुलालाची परात, जीपच्या उजव्या बाजूनं नाचत होता. जीपला दार नव्हतंच. त्यानं परात दुसऱ्याच्या हातात दिली, वाकला आणि अप्पाचे पाय धरले. "अप्पा, आशीर्वाद द्या, जिल्हा झाला!"

पाय धरले आणि तसाच राहिला. मग हळूच वर बघितलं. आधी अप्पाकडं, मग जिलानीकडं, मग रेवणकडं. त्याच्या गुलालानं भरलेल्या तोंडावर काय झालं ते रेवणला नीट दिसलं. रेवणनं फक्त मान हलवली, हो म्हणून.

"कुटं?" भुजंगनं विचारलं. इतक्या हळू की ओठच दिसले.

"सांगवी. चापोलीच्या अल्याड."

भुजंग सरळ झाला. डोळे पुसले, गुलाल आणखी पसरला, आणि तो नरड्याच्या शिरा ताणून ओरडला, "ए हलगी बंद! वाट द्या! अप्पाला लांब जायचंय! लातूरला सत्कार हाय त्यांचा, टाइम झाला! सरका रे भाड्यानो, सरका!" आणि जीपच्या पुढं पळायला लागला, माणसं दोन्ही हातांनी बाजूला सारत, बैलगाड्या वळवत, शिव्या देत. गाव संपेपर्यंत पळाला. शेवटच्या घरापाशी थांबला, दम लागलेला, आणि हात जोडले. रेवण थांबला नाही. थांबायला पाहिजे होतं, हे त्याला सांगवीचा फाटा आल्यावर सुचलं.

सांगवीत सगळे वेशीत उभे होते. केळीचे खुंट लावून विमान केलेलं, म्हणजे बसवून न्यायची पालखी. विरूपाक्ष स्वामी शंख घेऊन तयार. अप्पाच्या शेतात, अव्वाच्या शेजारी, खड्डा खांदून ठेवलेला. पार्वतम्मा पुढं आली, सासऱ्याला जीपमध्ये बसलेलं बघितलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. सगळ्यांना शब्द माहीत होता. बोलली ती साखराबाई. काठी टेकत जीपपाशी गेली आणि थेट मेलेल्या माणसालाच म्हणाली, "काय शिवप्पा, बसलास का शेवटी? धा वर्षं नाक मुरडलं. कसं वाटतंय रे? वारं लागलं का गार?" आणि बोलता बोलताच हमसून रडायला लागली.

"मी बसवलं, मावशी," रेवण म्हणाला. "ते न्हाई बसले."

पंचा सोडला, चौघांनी उचललं. आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं. रेवणला पण तेव्हाच.

पाठ सरळ होती. मान सरळ होती. पण पाय. पाय खाली लोंबकळत होते तसेच आखडलेले, गुडघ्यात काटकोन, जीपमध्ये बसल्यासारखे. त्या सीटवर मांडी घालायला जागाच नव्हती आणि नांदेडपासून इथवर दोघांपैकी एकालाही पायांची आठवण झाली नव्हती. पाठीच्या भीतीत पाय राहून गेले.

विमानात मांडी घालूनच बसावं लागतं. चौघं तसेच उचलून उभे. शिवप्पा हवेत, खुर्चीवर बसल्यासारखा, खाली खुर्ची नाही.

"गरम पाणी टाका गुडघ्यावर," कुणीतरी म्हणालं.

"चोळलं की सुटतंय."

"सुटत न्हाई आता. जरा जोर लावावा लागंल. एकानं धरा, एकानं दाबा."

"मोडंल की रे."

"मेलेल्याला काय कळतंय?"

दोघांनी गुडघ्याला हात घातला आणि रेवण म्हणाला, "न्हाई."

मोठ्यानं नाही म्हणाला. पण सगळे थांबले. सकाळपासून त्याचा हा पहिलाच शब्द होता ज्यात काहीतरी होतं.

"मोडायचं न्हाई," तो म्हणाला. "एक शब्द मोडलाय मी. हाड मोडणार न्हाई."

"मग मांडी?" स्वामी म्हणाले. "रेवणअप्पा, खड्डा मांडीचा हाय. असे पाय घेऊन ते बसायचे कसे? आडवं करावं लागंल."

आडवं हा शब्द ऐकून रेवणनं स्वामींकडं बघितलं. मग अप्पाच्या पायांकडं. मग कुदळ घेतली आणि शेताकडं चालायला लागला. मागनं जिलानी. मागनं अप्पाला हातांवर घेऊन चौघं, मागनं गाव, रिकामं विमान वेशीतच.

शेतात रेवण खड्ड्यात उतरला. जमीन वरून दगडासारखी वाळलेली पण खाली काळी, ओलसर होती. त्यानं पुढच्या अंगाला आणखी खोल घ्यायला सुरुवात केली. मागची माती तशीच ठेवली. वरून लोकांना आधी समजेना हा काय करायलाय. मग दिसायला लागलं. तो ओटा काढत होता, मातीचा. बसायला उंचवटा, मागं टेकायला भिंत, पुढं पाय सोडायला जागा. जिलानी वरून म्हणाला, "मैं उतरूं?" रेवण म्हणाला, "नको." घाम गुलालात मिसळून तांबडा ओघळत होता. कुदळीनं काढलं, मग खुरप्यानं काढलं, मग हातानं.

उंचवटा झाला तेव्हा त्यानं हातानं उंची बघितली. समाधान होईना. मग तो वळला आणि त्या ओट्यावर स्वतः बसला.

वर एकदम गलका झाला. पार्वतम्मा किंचाळली, "अहो! उठा! जित्या माणसानं असं बसत असतेत का? उठा आधी!"

"थांब जरा."

"स्वामी, सांगा की त्यांना!"

स्वामींनी हातातला शंख खाली ठेवला.

रेवण बसून राहिला. पाठ मागं टेकवली. पाय खाली सोडले, टाच टेकते का बघितलं. माती गार होती. वर आभाळाचा एक चौकोन आणि त्याच्या कडेनं माणसांची तोंडं. इथं आवाज येत नव्हते, म्हणजे येत होते पण लांबून. त्याला वाटलं इथंच बसावं. दुःख झालं म्हणून नाही. आता कुठं जायचं नव्हतं, गिअर टाकायचा नव्हता, म्हणून. मग उजव्या मांडीखाली एक ढेकूळ टोचलं. तो उठला, ते ढेकूळ काढलं, तिथं हात फिरवून सपाट केलं, आणि मागची भिंत अजून थोडी तासली कारण अप्पाच्या पाठीला किंचित पोक होतं.

"द्या आता," तो म्हणाला.

वरून सोडलं, खालून त्यानं घेतलं. छातीला छाती लागली. शेवटचं इतकं जवळ कधी आला होता अप्पाच्या ते त्याला आठवेना. त्यानं ओट्यावर ठेवलं. गुडघे ओट्याच्या कडेला बरोबर आले, टाचा खाली टेकल्या, पाठ भिंतीला लागली. धरलेला हात त्यानं हळूच काढून घेतला आणि बघितलं. शिवप्पा हलला नाही.

स्वामींनी लिंग दिलं, रेवणनं ते अप्पाच्या डाव्या तळहातात ठेवलं. बेलाची पानं आली, भस्म आलं, मीठ आलं.

साखराबाईला खालचं दिसत नव्हतं. ती काठीवर वाकून म्हणाली, "रेवण्या, नीट बसला का रे?"

"हाव मावशी," रेवण म्हणाला. "बसले."